ठेवीचा धर्म

दुसऱ्याची ठेव जशी आली तशी परत करावी, हा नीतीचा अगदीं पहिला धडा होय. शेजारणीनें गांवीं जातांना विश्वासानें आणून दिलेल्या डब्याचें झांकण उघडूनही पाहूं नये, हें आमच्या पिढीस आईच्या मांडीवर शिकविलें गेलें. आणि या शिकवणीविषयीं शंका घेण्याचा प्रसंग आमच्यावर पुष्कळ वर्षें आला नाहीं. परंतु ठेव म्हणून आलेल्या वस्तूंतच एखादा दोष असला, आणि त्या दोषापासून तिसऱ्याच कोणाच्या जिवास धोका असला, तर ती वस्तु जशीच्या तशी राखणें हा धर्म, कीं ती दुरुस्त करणें हा धर्म? हा प्रश्न आम्हांस गेल्या वर्षीं एका जुन्या मोटारगाडीच्या निमित्तानें पडला. लोखंडाच्या चार पाट्यांवरून एवढा विचार कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु अशा लहान प्रसंगींच आपले सिद्धांत कितपत टिकाऊ आहेत तें कळतें, असा आमचा अनुभव आहे.

आमचे एक जुने स्नेही गेल्या वर्षीं वारले. वाईस त्यांचें घर, घराला लागून पत्र्याची एक शेड, आणि त्या शेडींत १९६९ सालची एक स्टँडर्ड हेराल्ड गाडी. शेवटच्या दुखण्यांत आम्ही भेटावयास गेलों असतां त्यांनीं गाडीची किल्ली आमच्या हातीं दिली आणि म्हणाले, "मुलीचा हात बसेपर्यंत तुम्ही सांभाळा, मग तिला द्या. पण हिला आहे तशीच राहूं द्या." आम्हीं होय म्हटलें. अंथरुणास खिळलेल्या मनुष्यास कोण नाहीं म्हणतो? पुढें गाडी पुण्यास आणून आम्हीं एका जाणत्या मिस्त्रीस दाखविली. तो गाडीखालीं बराच वेळ निजून होता. बाहेर येऊन हात पुशीत म्हणाला, "इंजिन झकास आहे साहेब. पण मागचं काम बदलून घ्या. बाई ही गाडी पसरणीच्या घाटानं उतरवणार असतील, तर नक्कीच घ्या."

त्या दिवसापासून आमच्या वचनाची परीक्षा सुरू झाली.

मिस्त्रीचें म्हणणें समजण्यासाठीं गाडीचें थोडें कुलवृत्त सांगितलें पाहिजे. हेराल्ड ही मूळची इंग्लंडांतील कॉव्हेन्ट्री गांवची. स्टँडर्ड-ट्रायंफ कंपनीनें ती एप्रिल १९५९ मध्यें बाजारांत आणिली. त्या काळीं इंग्लंडांतील बहुतेक कारखाने गाडीचें अंग आणि सांगाडा एकजीव करूं लागले होते. परंतु या कंपनीस अंगाचे पत्रे पुरविणारा कारखाना १९५३ सालीं एका प्रतिस्पर्धी कंपनीनें विकत घेतला होता. तेव्हां तुकड्यातुकड्यांनीं बनवून वेगळ्या सांगाड्यावर बोल्टांनीं आवळतां येईल असें अंग योजावें लागलें. त्या अडचणींतून जें रूप निघालें तें मात्र देखणें होतें. जिओव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन कलावंताचा त्यावर हात फिरला होता. इंजिन ९४८ घनसेंटिमीटरांचें, ताकद सुमारें ३५ अश्वशक्तीची, आणि वळण्याची ऐट अशी कीं पंचवीस फुटांच्या वर्तुळांत गाडी फिरे. आपल्याकडे १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी ती तयार करूं लागली. विलायतेंत पुढें तिचीं इंजिनें ११४७ आणि मग १२९६ घनसेंटिमीटरांचीं झालीं. येथें मात्र तें ९४८ चें लहानगें इंजिनच शेवटपर्यंत राहिलें.

या स्वस्त गाडीचें वैशिष्ट्य तिच्या मागच्या चाकांत होतें. साध्या गाडींत मागचीं दोन चाकें एकाच ताठ आंसाच्या दोन टोकांस बसविलेलीं असतात. म्हणून एक चाक खड्ड्यांत गेलें कीं दुसऱ्यासही हिसका बसतो. हेराल्डमध्यें या आंसाचे दोन तुकडे केले असून ते मध्यभागीं, दातेरी चाकांच्या पेटीपाशीं, सांध्यानें हलते ठेविले आहेत. पेटीच्या माथ्यावर एकच आडवी कमान आवळलेली आहे, आणि तिचीं टोकें दोन चाकांपर्यंत पोंचलीं आहेत. यामुळें प्रत्येक चाक आपापला खड्डा आपण सोसतें. ही डोलत्या आंसाची कल्पना एडमंड रुम्प्लर यानें १९०३ सालीं पेटंट म्हणून नोंदविली. हान्स लेडविंका यानें ती १९२३ च्या टाट्रा गाडींत वापरली. आणि पुढें फोल्क्सवागेननें ती जगभर नेली. गरिबाच्या गाडीला श्रीमंताच्या गाडीचें सुख देणारी ही युक्ति होती, आणि तिच्या कर्त्यांस आम्ही मुळींच नांवें ठेवीत नाहीं.

परंतु युक्तींत एक गोम राहून गेली. प्रत्येक अर्ध्या आंसास सांधा एकच, तोही आंतल्या टोकास. बाहेरच्या टोकास चाक ताठ जोडलेलें. त्यामुळें चाक सरळ वरखालीं होत नाहीं. दार जसें बिजागरीभोंवतीं फिरतें तसें तें सांध्याभोंवतीं फिरतें, आणि फिरतांना कलतें. सरळ रस्त्यावर यानें कांहीं बिघडत नाहीं. पण गाडी वेगानें वळत असतां चालकानें ॲक्सिलरेटरवरचा पाय एकाएकीं उचलला, म्हणजे भार पुढें जातो, मागची बाजू उचलली जाते, वळणाच्या बाहेरचें चाक गाडीच्या पोटाखालीं दुमडूं पाहतें, रस्त्याला धरून असलेला टायरचा पट्टा अरुंद होतो, आणि मागचें अंग क्षणार्धांत बाहेर फेंकलें जातें. जाणता चालक हें ओळखून वळणापूर्वींच वेग कमी करितो आणि वळणांत पाय हलका पण स्थिर ठेवितो. ज्याला हें ठाऊक नाहीं त्याला मात्र गाडी आगाऊ सूचना फारशी देत नाहीं.

आमच्या स्नेहमंडळांत ही हकीकत निघाली तेव्हां पहिला आक्षेप असा आला कीं, एवढ्या दुबळ्या गाडीस हा दोष असला काय आणि नसला काय! पस्तीस अश्वशक्तींत ती धांवणार ती किती, आणि उलटणार ती कशी? हा आक्षेप वरवर पाहतां व्यवहारी दिसतो, आणि आम्हांसही कांहीं दिवस तो पटला होता. पण विचार करूं लागल्यावर त्यांत दोन चुका आढळल्या.

पहिली चूक यंत्रशास्त्राची आहे. हा दोष शक्ति लावल्यानें प्रकट होत नाहीं. शक्ति काढून घेतल्यानें प्रकट होतो. आणि घाट उतरतांना गाडीस वेग कोण देतें? इंजिन देत नाहीं, डोंगर देतो. पसरणीच्या उतारापुढें सर्व इंजिनें सारखींच. किंबहुना दुबळ्या गाडीचा चालक चढावर वेग मिळत नाहीं म्हणून उतारावर तो भरून काढावयास जातो, असें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे.

दुसरी चूक नीतिशास्त्राची आहे, आणि ती आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. दुबळेपणामुळें जो दोष झांकलेला राहतो, त्याला आपण गुण समजूं लागतों. हातांत अधिकार नाहीं म्हणून जो कोणावर अन्याय करीत नाहीं, त्यास आपण न्यायी म्हणतों; पैसा नाहीं म्हणून ज्यास व्यसन नाहीं, त्यास संयमी म्हणतों. पुढें दैवयोगानें त्याच्या हातीं अधिकार किंवा पैसा आला, म्हणजे आपण हळहळतों कीं माणूस बदलला. माणूस बदललेला नसतो; त्याला उतार लागलेला असतो. अशक्ताच्या सौजन्यावर विसंबून राहणें ही आपल्या समाजाची फार जुनी संवय आहे. घरांतील अनेक दुखणीं आपण याच समजुतीनें झांकून ठेवितों कीं, या घराला कोठें मोठा वेग घ्यावयाचा आहे! परंतु संकटाचा उतार कोणाला चुकला आहे?

आणखीही एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. कांहीं दोष उद्दामाला शासन करितात. हा दोष भ्यालेल्याला शासन करितो. वळणांत गाडी सुटते आहेसें वाटलें कीं नवशिक्या मनुष्य स्वाभाविकपणें काय करील? तो पाय उचलील. आणि पाय उचलणें हीच येथें सर्वांत घातक गोष्ट! म्हणजे सावध होण्याच्या ज्या सहज प्रेरणेवर आपला सारा बचाव अवलंबून असतो, तिलाच ही रचना फिरवून आपल्यावर घालते. अज्ञानाला आणि भीतीला जी वस्तु दंड करिते, ती अज्ञ माणसाच्या हातीं मुकाट्यानें देणें हें आम्हांस कोणत्याही शास्त्रानें समर्थनीय वाटत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, मग अज्ञ माणसाला शिकवा; गाडी कशाला बदलतां? या प्रश्नावर अमेरिकेंत मोठा वाद झाला आहे. शेव्हरले कंपनीनें १९६० सालच्या हंगामासाठीं कॉर्व्हेर नांवाची गाडी काढली. तिचें इंजिन मागें होतें आणि मागचा आंस याच डोलत्या जातीचा होता. तिच्या पुढच्या टायरांत दर चौरस इंचास १५ पौंड व मागच्या टायरांत २६ पौंड हवा ठेवावी, अशी कंपनीची सूचना होती. एवढा फरक राखिला तर गाडी नीट वागे. १९६४ च्या गाडींत कंपनीनें मागें एक आडवी कमान वाढविली आणि १९६५ मध्यें ती सारी रचनाच बदलली. त्याच १९६५ सालीं राल्फ नेडर यांचें ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें, आणि त्याचें पहिलें प्रकरण या गाडीवर होतें. पुढें १९७२ सालीं सरकारी चौकशीचा निष्कर्ष असा निघाला कीं, १९६० ते १९६३ पर्यंतची कॉर्व्हेर तिच्या काळच्या तत्सम गाड्यांहून अधिक धोक्याची नव्हती. दोन्ही पक्षांचें म्हणणें वाचून आम्हांस असें वाटतें कीं, खरा प्रश्न त्या निष्कर्षाच्या पलीकडचा आहे. जी सुरक्षितता दर आठवड्यास हवेचा कांटा पाहण्यावर अवलंबून ठेविली जाते, ती विकणाऱ्यानें विकत घेणाराच्या माथीं मारलेली असते. शिकवावें हें खरें. परंतु वस्तूंत जें काम एकदां करून ठेवितां येतें, तें हजार माणसांच्या स्मरणशक्तीवर हजार वेळां सोंपविणें हा न्याय नव्हे.

आतां मूळ रूप राखण्याच्या पक्षाकडे वळूं. कारण तो पक्ष थोर आहे आणि आमचें मन प्रथम त्याच बाजूस होतें. जॉन रस्किन यानें ‘द सेव्हन लँप्स ऑफ आर्किटेक्चर’ या १८४९ सालच्या ग्रंथांत जीर्णोद्धाराचा कडक निषेध केला आहे. जुन्या इमारतीला नवें करणें म्हणजे तिचा नाश करून वर खोटें बोलणें होय, अशा आशयाचें त्याचें मत आहे. आणि विल्यम मॉरिस यानें १८७७ सालीं प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठीं जी संस्था स्थापिली तिचा पायाही हाच विचार होता. आपल्याकडे शेंदूर, तैलरंग आणि सिमेंट यांच्या भक्तीनें किती देवळांचें मूळ रूप गेलें, हें ज्यानें पाहिलें आहे तो रस्किनला सहज नाकारूं शकणार नाहीं. जुन्या वस्तूंत करणाराच्या हाताची, त्याच्या अडचणींची आणि त्याच्या चुकांचीही साक्ष असते. चुका पुसल्या म्हणजे इतिहास सुबक होतो, पण तो इतिहास राहत नाहीं.

हें सर्व आम्हांस मान्य आहे. तथापि देऊळ एके जागीं उभें असतें आणि गाडी रस्त्यावरून धांवते. देवळाचा खांब कलला तर देऊळ बंद करून त्याला टेंकू देतां येतो. गाडीचें चाक कललें तर समोरून सायकलीवर येणाऱ्या दूधवाल्याला त्याची कल्पनाही नसते. इतिहासाची साक्ष राखण्याची हौस आमची, आणि तिची किंमत मात्र त्या दूधवाल्यानें द्यावयाची! जी गाडी केवळ शेडींत राहून पाहावयाची आहे, तिचा एकही पाटा हलवूं नये असेंच आम्ही म्हणूं. जी चालवावयाची आहे, तिला हा न्याय लागू होत नाहीं.

शिवाय मूळ रूप म्हणजे काय, हें ठरविणेंही वाटतें तितकें सोपें नाहीं. मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथांत नागसेन भिक्षूनें यवन राजा मिलिंदास त्याच्याच रथावरून कुंठित केल्याची कथा आहे. आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय, धुरा म्हणजे रथ काय, असें तो एकेक विचारीत जातो, राजा नाहीं नाहीं म्हणत जातो, आणि अखेर रथ हें या सर्वांच्या मेळास दिलेलें एक व्यवहारापुरतें नांव आहे, असें राजास कबूल करावें लागतें. बावीस शतकांपूर्वींच्या त्या राजाच्या रथाचा प्रश्न आमच्या मित्राच्या शेडींत जसाच्या तसा उभा होता. या गाडीचे टायर दहा वेळां बदलले, रंग दोनदां बदलला, घड्याळ तर केव्हांच बंद पडून गेलें. तरी ती तीच गाडी. मग एक कमान बदलल्यानें ती दुसरी कां व्हावी?

मूळ कर्त्याच्या इच्छेचा मान राखावा म्हणावें, तर त्यानें स्वतःच आपली इच्छा बदलली! ट्रायंफनें याच रचनेवर बांधलेल्या स्पिटफायर गाडीच्या चौथ्या आवृत्तींत, १९७० सालीं, कमानीचें फक्त सर्वांत खालचें पान पेटीवर आवळलें आणि वरचीं पानें मध्यभागीं मोकळेपणीं झुलतील अशीं ठेविलीं. त्यामुळें खड्डा सोसण्याची ताकद राहिली, आणि वळणांत मागचें अंग उचलून धरणारा ताठरपणा पुष्कळ कमी झाला. मद्रासच्या कारखान्यानें दुसरी वाट धरिली. हेराल्डच्या जागीं १९७२ च्या सुमारास आलेल्या स्टँडर्ड गझेल गाडींत त्यांनीं डोलता आंस काढून जुन्या पद्धतीचा एकसंध ताठ आंस घातला. दोष मुळासकट गेला. पण दोन चाकांचें स्वातंत्र्यही त्याबरोबर गेलें. स्वातंत्र्याचा दुरुपयोग होतो म्हणून तें काढून घेणें, आणि त्याला योग्य तेवढी मोकळीक व योग्य तेवढा बंध देऊन तें राखणें, हे दोन मार्ग घराच्या व राज्याच्या कारभारांतही नेहमीं आपल्यापुढें असतात. आमचा ओढा दुसऱ्या मार्गाकडे आहे हें आम्ही लपवीत नाहीं. पण आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या मिस्त्र्यांच्या हातीं पहिला मार्ग अधिक टिकाऊ होता, असें कोणी म्हटल्यास आम्ही त्याच्याशीं भांडणार नाहीं.

सुधारणेच्या पक्षासही दोन गोष्टी ऐकविल्या पाहिजेत. पहिली ही कीं, कोणतीही सुधारणा एकटी येत नाहीं. मागची झुलती कमान घातली कीं गाडी वळणांत अधिक कलूं लागते. म्हणून पुढें जी आडवी लोखंडी दांडी गाडीचा कल रोखते, ती अधिक जाड घालावी लागते. ट्रायंफनेंही तसेंच केलें. ज्यानें केवळ पहिलें ऐकलें आणि दुसरें ऐकलें नाहीं, त्याची सुधारणा अर्धवट राहून नवा दोष उत्पन्न करिते. आमच्या सामाजिक सुधारणांची कथा याहून वेगळी आहे काय? दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. आमचे एक वृद्ध स्नेही म्हणाले, "तुमचे मित्र पन्नास वर्षें सांभाळून गाडी हांकीत, कारण तिचा दोष त्यांस माहीत होता. दोष काढलात कीं धाकही गेला. मग मुलगी वेगानें हांकील आणि तुमची कमान तिला वांचविणार नाहीं." या आक्षेपांत तथ्य आहे. धोका कमी झाला कीं माणूस तेवढें धाडस वाढवितो, हें आपण नित्य पाहतों. परंतु या तर्कानें जावयाचें तर विहिरीचा कठडाही पाडावा लागेल. कारण कठडा नसला कीं मुलें जपून चालतात! दुसऱ्याला विनय शिकविण्यासाठीं त्याच्या वाटेंत खड्डा राखून ठेवण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

असा वादविवाद आम्हीं दोन महिने केला. ग्रंथ चाळले, स्नेह्यांस विचारलें, मिस्त्रीस तीनदां गांठलें. आणि मग एके रात्रीं आमच्या ध्यानांत आलें कीं, जिला ती गाडी चालवावयाची आहे तिला आम्हीं एका शब्दानेंही विचारलेलें नाहीं! ही मित्रकन्या कांहीं लहान मूल नव्हे; वाईस शाळेंत शिक्षिका आहे, आणि अधूनमधून रविवारीं मावशीस भेटावयास पांचगणीस जाते. आम्हीं तिच्या जिवाचा विचार केला होता, तिच्या मताचा केला नव्हता. हितचिंतकांचा हा नेहमींचा अपराध आहे, आणि तो आमच्या हातून घडला हें येथें नमूद केलें पाहिजे.

वाईस जाऊन आम्हीं तिला सर्व सांगितलें. मागच्या चाकांची हकीकत ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, म्हणून का बाबा ते पोतं काढूं द्यायचे नाहींत!" डिकींत वाळूचें एक लहान पोतें आम्हींही पाहिलें होतें, घाटांत गाडी थांबविल्यास चाकाखालीं टाकण्यास तें ठेविलें असेल, असा आमचा समज होता. तिनें सांगितलें कीं, एकदां तिनें तें काढून ठेविलें तेव्हां वडिलांनीं तें स्वतः उचलून पुन्हां जागेवर ठेविलें, आणि "मागची बाजू बसती राहिली पाहिजे" एवढेंच म्हणाले. मिस्त्रीस हें सांगतांच तो हंसला. मागें भार असला कीं गाडी बसते आणि चाकें वरच्या बाजूनें आंत कलून राहतात. त्यांना पोटाखालीं दुमडण्यास मग अधिक अंतर पडतें. उपाय अर्धवट खरा, कारण तोच भार वळणांत मागचें अंग बाहेर ओढावयास मदतही करितो. पण तो उपाय होता. आमच्या मित्रास दोष ठाऊक होता, आणि हाताशीं असलेल्या साधनानें ते तो दुरुस्त करीत आले होते.

या पोत्यानें आमच्या वचनाचा अर्थ आम्हांस नव्यानें वाचावयास लाविला. "आहे तशीच राहूं द्या" या शब्दांत गाडी होती, पण गाडीबरोबर तिची काळजीही होती. ती काळजी काढून घेऊन केवळ लोखंड जपणें म्हणजे शब्द राखून अर्थ बुडविणें झालें असतें. आणि त्यांनीं गाडी कोणासाठीं ठेविली होती? मुलीसाठीं. तेव्हां आमच्यापाशीं आलेली खरी ठेव कोणती, याविषयीं शंका उरली नाहीं. तथापि येथें एक इशारा आम्ही स्वतःसच देऊन ठेवितों. मृताच्या शब्दांचा अर्थ लावण्याची मोकळीक एकदां घेतली, कीं आपल्या सोयीचा अर्थ निघावयास वेळ लागत नाहीं. आम्हांस पोत्याचा पुरावा मिळाला. तो मिळाला नसता तर? तरीही आम्हीं कमान बदललीच असती. मात्र मग वचन पाळलें असें न म्हणतां, एका मोठ्या कर्तव्यासाठीं वचन मोडलें असें उघड म्हणावें लागलें असतें. मोडलेल्या वचनास पाळलेलें वचन म्हणविणें हा दुसरा अपराध आहे, आणि तो पहिल्याहून वाईट.

बदल करावा असें ठरल्यावर कसा करावा, यालाही नियम हवेत. जुन्या वाहनांच्या रक्षणासाठीं आंतरराष्ट्रीय संघानें २०१२ सालीं मान्य केलेल्या तुरीनच्या सनदेंत असा विचार आहे कीं, वापरासाठीं जरूर पडणारे फेरफार शक्य तितके थोडे असावेत आणि ते मागें घेतां यावेत. आपल्या केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांतही पन्नास वर्षांवरील गाडीस जुन्या वाहनांच्या खास वर्गांत नोंदवावयाचें असेल तर ती मूळ रूपांत राखिलेली असावी आणि तिच्या सांगाड्यांत, अंगांत किंवा इंजिनांत मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. आणि अशी गाडी नित्याच्या वापरास चालत नाहीं. या सर्वांचा विचार करून आम्हीं स्वतःपुरते तीन नियम ठरविले. दोष दुसऱ्याच्या जिवाशीं संबंध ठेवीत असेल तरच मूळ वस्तूस हात लावावा. केवळ सुखासाठीं किंवा ऐटीसाठीं लावूं नये. जें काढलें तें पुन्हां बसवितां येईल असें काढावें आणि जपून ठेवावें. आणि जें केलें तें लिहून ठेवावें, म्हणजे पुढें गाडी ज्याच्या हातीं जाईल त्याची फसवणूक होणार नाहीं. तिसरा नियम आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. रस्किनला ज्या खोटेपणाचा राग होता, तो फेरफारांत नसून लपविण्यांत आहे.

त्याप्रमाणें विलायतेहून झुलती कमान आणि पुढची जाड दांडी मागविली, आणि मिस्त्रीनें तीं कांहीं खटपटीनंतर बसविलीं. सांगाड्यास एकही नवें भोंक पाडलें नाहीं. जुनी कमान तेल लावून, गोणपाटांत गुंडाळून वाईच्या घराच्या माळ्यावर ठेविली आहे. मित्राच्या हातच्या हिशेबाच्या वहींत, जेथें त्यांनीं पन्नास वर्षांतील प्रत्येक टायर व प्रत्येक बॅटरी लिहून ठेविली आहे, तेथेंच मित्रकन्येनें नव्या कामाची तारीख आणि तपशील लिहिला. वाळू तिनें तुळशीच्या वृंदावनापाशीं ओतली.

किल्ली परत देतांना आम्हीं तिला एवढेंच बजावलें कीं, कमान बदलली तरी आंस डोलताच आहे. दोष कमी झाला आहे, नाहींसा झालेला नाहीं. वळणापूर्वीं वेग आवर, आणि वळणांत पाय एकदम उचलूं नकोस. ती म्हणाली, "बाबाही हेंच सांगायचे, पण कां, तें कधीं सांगितलं नाहीं." त्या रविवारीं ती आम्हांस पांचगणीपर्यंत घेऊन गेली. उतरतांना पसरणीच्या घाटांत आमचें सारें लक्ष तिच्या उजव्या पायाकडे होतें.